झाडाचं वरचं पान

सत्त्याण्णवच्या जूनमधल्या एका दुपारी दुबईतल्या रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये तो लाकडी फळा आला, तेव्हा कमरुद्दीन पेंटर जेवणाचा डबा उघडत होता. फळा दाराएवढा. त्यावर रंगवलेलं झाड आणि पानापानावर सोनेरी नावं, एका जर्मन संस्थानिक घराण्याची चारशे वर्षं. संस्थान केव्हाच बुडालं होतं. उरली होती दुबईत राहणारी एक म्हातारी राजकन्या, आणि तिला हे सोनं उजळून हवं होतं.

कमरुद्दीनला कडवट हसू आलं. त्याला स्वतःच्या पणजोबाचं नाव ठाऊक नव्हतं. रत्नागिरीजवळच्या गावी त्याचा एकुलता एक मुलगा होता, फहद. सहा सरून सातवं वर्षही संपत आलं, आणि बापानं त्याला जेमतेम दोनदा पाहिलेलं. राजांना मेल्यावरही सोनं, आणि आम्हाला जिवंतपणी दोन वर्षांतून एक रजा!

फोरमन धनंजय म्हणाला, "मॅडमची एकच कंडिशन आहे. सगळ्यात वरचं पान रिकामं ठेवायचं. दर पिढीतला थोरला मुलगा सात पूर्ण व्हायच्या आत गेलाय. नावापुढे क्रॉस आहे ना, ते सगळे. म्हणून तिनं लग्नच केलं नाही. घराणं खलास करायचंय म्हणे."

"बड्या लोकांची नाटकं," कमरुद्दीन म्हणाला. "यल्ला, चल, काम करू दे."

त्याची एक खोड होती. कुठल्याही बोर्डावर सोनेरी रंग चढवण्याआधी तो ब्रश चालतो का बघायला 'फहद' लिहायचा, मग पुसायचा. बर दुबई भागातल्या कितीतरी पाट्यांखाली तो पोरगा होता. मुलाला जवळ ठेवायची बापाची एवढीच सोय! फळ्यावर मोकळी जागा एकच होती. त्यानं वरच्या पानावर नाव लिहिलं आणि टर्पेंटाइननं स्वच्छ पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाव तिथं होतं. त्याच्या अक्षरात नाही, झाडावरच्या त्या जुन्या काटेरी अक्षरात. खाली तारीख, चौदा सप्टेंबर नव्वद. फहदचा जन्मदिवस.

त्यानं पातं घेऊन खरवडलं. लाकडाचा भुसा पडला, नाव निघेना. घाबरून धनंजयनं मॅडमला फोन लावला.

"काय म्हणाली?"

"एवढंच विचारलं... मुलगा थोरला आहे का."

कमरुद्दीननं हात साबणानं धुतले, ब्रश फडक्यात गुंडाळून पेटीत टाकला, पेटीला कुलूप लावलं आणि फोनच्या बूथकडे धावला. पलीकडे बायको, मैमुनाबी.

"फहद बराय ना?"

"बराय की! खेळतोय अंगणात. फक्त छातीवर पिवळी रेघ उठलीय. चकाकते. किती घासली, जात नाय..."

"किती रेघा?"

"एकच. उभी."

तो परतला तेव्हा शेडमध्ये धनंजय एकटाच बसला होता. फळ्यावर फहदच्या नावापुढे एक उभी रेघ होती; क्रॉसला आडवी तेवढी बाकी. तिच्या टोकाला डावीकडे जरासा हिसका. बारा वर्षं पाट्या रंगवणाऱ्या कमरुद्दीनला तो हिसका ओळखायला वेळ लागला नाही. तो त्याच्याच हाताचा होता.

"इथं कोण आलं होतं?"

"कोणी नाही. मी जागचा हललो नाही."

पेटीचं कुलूप तसंच होतं. कमरुद्दीननं उजवा हात पुढे केला.

"धनंजय... हा बांध. घट्ट बांध."

धुतलेल्या बोटांवर सोनं होतं. ओलं.