चौथ्या पायरीवरून

"उतरायचंय, की नुसतं डोकावून बघायचंय?"

आवाज वरून आला आणि ती अशी काही दचकली, की छातीशी धरलेलं पॅड निसटता निसटता वाचलं. भुयारी मार्गाच्या तोंडाशी एक दुहेरी शिडी लावलेली होती. शिडीच्या शेंड्यावर खाकी शर्टातला एक वायरमन बसला होता आणि हातातली वायर विसरून तिच्याकडे बघत होता.

"तुम्हाला काय करायचंय?" ती फणकारली.

"मला दिवा लावायचाय. पण तुम्ही पाच मिनिटं एकाच पायरीवर उभ्या आहात, चौथ्या. म्हटलं, पायरी आवडली असेल."

"माझी गाडी... पाच नंबरवर आहे."

"मग जा की. खालून दोन मिनिटं."

"मी पुलावरून जाते. मला चालायला आवडतं."

"एवढ्या उंच टाचांवर?" तो हसला. हसताना त्याचा एक डोळा किंचित बारीक व्हायचा, हे तिला उगाचच दिसलं.

ती वळली आणि तरातरा पुलाकडे निघाली. कान गरम झाले होते. पण छातीत जे धडधडत होतं ते त्याच्यामुळे नव्हतं. निदान तेव्हा तरी नव्हतं. ते खालच्या अंधारामुळे होतं.

आता खरं काय ते सांगून टाकते. तिची गाडी-बिडी काही नव्हती. ती रेल्वेच्या पाहणी कक्षात नोकरीला होती. प्रवाशांना स्टेशन नकोसं का होतं, हे शोधून काढायचं तिचं काम. चाळीस प्रश्नांचा तक्ता, आणि एकच कडक नियम: अनोळखी प्रवाशासारखं फिरायचं, स्टेशनवरच्या कुणालाही आपली ओळख सांगायची नाही. एका स्टेशनला चार फेऱ्या, चौथीला तक्ता पुरा.

कामात ती वाघीण होती. या स्टेशनचे बाक इतके उतरते होते, की माणूस बसल्या बसल्या घसरायचा. तीन घड्याळं होती, तिघांची तोंडं तीन दिशांना आणि वेळाही तीन. बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, दार पायानं धरून बसावं लागे. घागरीत तोंड घालून बोलल्यासारखी घोषणा व्हायची, आणि मग अख्खा फलाट पिशव्या, पोरं, म्हातारे सावरत दुसऱ्या फलाटाकडे पळत सुटायचा. हे सगळं तिनं मागच्याच वर्षी बारकाईनं लिहिलं होतं. साहेब खूश होते.

फक्त एकतिसावा प्रश्न. 'भुयारी मार्ग: समाधानकारक की असमाधानकारक?'

असमाधानकारक म्हटलं, की दिवे किती बंद, ओल कुठे, वळण कसं, सगळं टोकापासून टोकापर्यंत चालून लिहावं लागे. समाधानकारक म्हटलं, की काहीच लिहावं लागत नसे. मागच्या वर्षी ती चौथ्या पायरीपर्यंत उतरली, खाली एक दिवा जळताना दिसला, तिनं 'समाधानकारक'वर खूण केली आणि पळाली. लहानपणी कुणी तिला कोंडून ठेवलं होतं वगैरे अशातला भाग नाही. भीती होती, बस्स. जमिनीखाली चार पायऱ्या गेलं, की छातीत कुणीतरी मूठ आवळायचं. घरी आईलासुद्धा हे माहीत नव्हतं. ऑफिसात तर कळायलाच नको होतं. पाहणीवाली आणि भित्री? लोक पोट धरून हसले असते.

दुसऱ्या फेरीला तो बाकाशी येऊन उभा राहिला. हातात चहाचे दोन कप.

"आज कुठली पायरी?"

"आज बाक," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता अर्धा इंच घसरली.

तो मनापासून हसला. मग तीही. चहा पाणचट होता, पण संपू नये असं वाटत होतं.

"तुमची गाडी रोज चुकते का?"

"तुमचे दिवे रोज जातात का?"

"दिवे जात नाहीत हो. नसतातच." त्यानं आपला कप खाली ठेवला. "स्टेशन वाईट कशानं होतं, सांगू? घाणीनं नाही. घाण झाडता येते. पुढे काय आहे ते दिसेनासं झालं, की माणसाला स्टेशन नकोसं होतं. खाली वीस दिव्यांची जागा आहे. चार लागतात. मधे एक वळण आहे, तिथे तर आपलाच हात आपल्याला दिसत नाही. तीन अर्ज केले मी नव्या दिव्यांसाठी. तिन्ही परत."

"का?" तिनं विचारलं.

"पाहणी अहवालात समाधानकारक लिहिलंय म्हणे! प्रत लावून पाठवतात प्रत्येक वेळी, सहीशिक्क्यासकट." त्याचा आवाज खाली आला. "माझी ताई नर्स आहे. रोज संध्याकाळी इथे गाडी बदलते. मधे चार मिनिटं असतात, पुलावरून जमतच नाही. महिन्यापूर्वी खाली कुणीतरी तिच्या मागे चालत होतं. ती थांबली की तो थांबायचा. ती चालली की तो चालायचा. काही केलं नाही त्यानं. काही झालं नाही, म्हणून तक्रारही कुणी घेतली नाही. तेव्हापासून किल्ली मुठीत धरून पळत जाते बिचारी. तो समाधानकारकवाला मला एकदा भेटू दे... एकदाच."

तिनं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

"थंडी वाजतेय?"

"हो," ती म्हणाली. भर दुपारी.

त्या आठवड्यात तिला धड झोप लागली नाही. डोळा लागला की पावलं ऐकू यायची. आणि आणखी एक भीती, पहिलीपेक्षा मोठी: त्याला कळलं तर? त्याचं ते डोळा बारीक करून हसणं आयुष्यात पुन्हा बघायला मिळणार नव्हतं. तिसऱ्या फेरीला तिनं रुक्ष वागायचं ठरवलं. पण त्यानं तिच्यासाठी एका बाकाखाली विटेचा तुकडा सारून बाक सरळ केला होता. आता अशा माणसाशी रुक्ष कसं वागायचं? दोघं तासभर बोलत बसली. निघताना तो म्हणाला, "तुमचं नाव विचारणार नाही मी. सांगायचं असेल तेव्हा सांगाल." तिला रडूच आलं. डोळ्यांत काहीतरी गेलं, असं सांगून तिनं पदर लावला.

चौथी फेरी. संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्याचे दिवस, अंधार पडलेला. एकतिसावा प्रश्न अजून कोराच होता.

"मी खाली जातेय," तिनं त्याला सांगितलं.

"येऊ बरोबर?"

"नको. एकटीनंच जायचंय." ओठ पांढरे पडले होते. त्यानं ते पाहिलं.

पहिल्या चार पायऱ्या. पाचवी... सहावी. खाली पोचली तेव्हा वरचा गलका कुणीतरी झाकण लावल्यासारखा बंद झाला. भिंतीतून पाणी ठिबकत होतं. एक दिवा फडफडत होता, त्यापलीकडे नुसता काळोख. ती पॅड छातीशी घट्ट धरून चालू लागली. दहा पावलं. वीस. वळण आलं. हात दिसेना.

आणि मागे पाऊल वाजलं.

ती थांबली. पाऊल थांबलं.

ती चालली. पाऊल चालू लागलं.

तिला ओरडायचं होतं, पण तोंडातून आवाजच फुटेना. ती पळत सुटली. चप्पल गेली, पदर भिंतीला घासला, पुढे उजेडाची पट्टी दिसली, पायऱ्या दिसल्या आणि त्यांच्या अलीकडे लोखंडी दार. बंद! पहारेकरी ते त्याच्या मर्जीनं लावायचा, आणि आज त्याची मर्जी लवकर झाली होती. ती दोन्ही हातांनी दार बडवू लागली.

"अहो, मी आहे! मी!" मागून आवाज आला.

वळणातून वायरमन धावत आला. तिनं पॅड उचललं आणि सगळा जीव एकवटून त्याच्या खांद्यावर हाणलं.

"मागून काय येता? थांबले की थांबता काय?"

"तुम्हाला... तुम्हाला कळू नये म्हणून." तो पार ओशाळला होता. "घाबरलेल्या दिसलात. म्हटलं, लांबूनच..." मग त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं, आपण काय केलं. त्यानं कपाळावर हात मारला. "ताईच्या मागचा माणूस आणि मी, यात अंधारात फरक तो काय राहिला!"

पॅडवरचे कागद जमिनीवर पसरले होते. त्यानं वाकून ते गोळा केले आणि न बघताच तिच्यापुढे धरले. तिनं ते तसेच घेतले असते तर प्रश्नच मिटला असता. ती घरी गेली असती, तो तिला आणखी चहा पाजत राहिला असता.

तिनं हात मागे घेतला. "वाचा."

दाराच्या गजांतून येणाऱ्या उजेडात त्यानं वाचलं. चाळीस प्रश्न. खाली सही.

"ही सही मी तीनदा पाहिलीय," तो हळू म्हणाला.

"मी खाली उतरलेच नव्हते. चौथ्या पायरीवरून खूण केली."

"का?"

"भीती वाटते मला. खूप. आजही... आत्ताही."

त्यानं कागद नीट लावून तिच्या हातात दिले. पाणी ठिबकत राहिलं.

"मग तेवढंच लिहायचं होतं," तो शेवटी म्हणाला. आवाजात राग होता आणि त्याहून जास्त थकवा. "भीती वाटली, उतरता आलं नाही. यापेक्षा मोठी तक्रार कुठली असते हो? मी तीन अर्जांत वॅट आणि वायरी लिहीत बसलो. माझं कोण ऐकतं? पण पाहणीवालीलाच उतरवलं नाही म्हटल्यावर महिन्याभरात दिवे आले असते."

हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, भीती हा आपला दोष आहे. तो स्टेशनचा असू शकतो, असा विचार तिनं एकदाही केला नव्हता. तिथेच दाराला टेकून ती हमसून हमसून रडली.

त्यानं तिची चप्पल शोधून आणून पायापाशी ठेवली. "परत जायला हवं. मी पुढे चालतो, तुम्ही मागून या. बोलत राहतो, म्हणजे कोण कुठे आहे ते कळेल." आणि तो खरंच बोलत राहिला. "हा पहिला, बंद. दुसरा, बंद. तिसरा, नुसताच फुटका होल्डर..." ती त्याच्या आवाजामागून चाचपडत चालली आणि कागदावर जमेल तसं, वेडंवाकडं, सगळं लिहीत गेली. शेवटी तिनं लिहिलं: 'मागील वर्षीची माझी नोंद खोटी आहे. मला भीती वाटली.'

वर आल्यावर तो म्हणाला, "सव्वासातला ताई येईल. मी पुलावरून जाऊन दार उघडवून घेतो. तिला तुम्हीच सांगा."

ताईच्या गाडीची वाट बघताना तिला वाटलं, भुयार परवडलं. गाडी आली. खांद्याला मोठी पिशवी लावलेली एक बाई घाईनं उतरली. हसरा, दमलेला चेहरा, भावासारखाच.

"ताई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"चालता चालता सांगा बाई, माझी गाडी जाईल!" ताई पायऱ्या उतरूही लागली. मग काय, तीही उतरली. पायऱ्या मोजायला सवडच नव्हती. काळोखात, धापा टाकत, तिनं सगळं सांगून टाकलं.

वळणावर ताई थबकली. चेहरा दिसत नव्हता. मुठीतली किल्ली तेवढी वाजली.

"महिनाभर झोपले नाही मी," ताई म्हणाली.

"माफ करा, असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू..."

"म्हणजे तुम्हालाही इथे भीती वाटते?"

"हो."

ताईनं मोठा श्वास सोडला. "मला वाटायचं, मी एकटीच भित्री." आणि अंधारात तिचा हात धरून म्हणाली, "पळा आता. रागवायचं ते मी सावकाश रागवेन."

दोघी पळाल्या. दार सताड उघडं होतं आणि वायरमन ते पाठीनं रेटून उभा होता, न जाणो पुन्हा कुणी लावलं तर. गाडी सुटता सुटता ताई दारातून भावाला ओरडली, "हिला घरी घेऊन ये एकदा. मला भांडायचंय!"

फलाट रिकामा झाला. दोघं उभी राहिली, मधे दोन हातांचं अंतर.

"माझाही राग गेलेला नाही," तो म्हणाला.

"माहितीय. पण मला तुम्ही आवडता."

तो चमकला. "हे... आत्ताच सांगायचं होतं?"

"उद्या तक्ता जाईल साहेबांकडे. परवा बहुतेक माझी नोकरी नसेल. म्हटलं, नोकरी आहे तोवर सांगून घ्यावं. जरा भाव राहतो."

त्यानं हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. पण एक डोळा बारीक झालाच.

"परवा या," तो म्हणाला. "नोकरी असो, नसो. मी वाट बघेन."