आठ नंबरचा जोड

"मॅडम, बूट आलेत, पण माझे न्हाईत ते. तुमच्या माणसानं बदललेत."

गुरुवारी आलेल्या या फोननं निवेदिताचं डोकंच उठलं. कुरियर कंपनीच्या बेळगाव ऑफिसात ती तक्रारींची चौकशी करायची, आणि आठवड्यातली ही बुटांची चौथी तक्रार होती. लोक फोटो बघून बूट मागवतात, पाय मोजायचा कंटाळा करतात आणि बूट चावला की खापर पार्सल आणणाऱ्यावर फोडतात! पण या खोक्याची चिकटपट्टी उघडून पुन्हा लावलेली होती, असं फोन करणाऱ्याचं म्हणणं होतं. निपाणीत पार्सल पोचवणाऱ्या भरमूला साहेबांनी लगेच घरी बसवलं. शनिवारी पाचपर्यंत त्याच्या बाजूनं अहवाल गेला नाही, तर त्याची नोकरी गेल्यात जमा होती.

शनिवारी दुपारी ती निपाणीला पोचली. भरमू हेल्मेट हातात धरून फाटकाबाहेर उभा होता.

"मंगळवारी खोकं आप्पांच्या हातात दिलं, मॅडम. बारा वर्षं या घरात येतोय. आज आत बी बोलवंनात."

आप्पाण्णा तंबाखूचे व्यापारी, कडक जैन. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघत बघत ते दारापर्यंत आले आणि तिथंच त्यांनी तिला थांबवलं.

"बाई, पर्स चामड्याची हाय न्हवं? तेवढी बाहेर ठेवा. आमच्यात चालत न्हाय."

निवेदिता मनातल्या मनात चरफडली, पण पर्स कट्ट्यावर ठेवून आत गेली. श्रेयांस, त्यांचा मुलगा, बेळगावच्या बँकेत होता. रजा टाकून गुरुवारी घरी आलेला.

"घरी आल्या आल्या खोकं उघडलंत?"

"व्हय. दिसायला तेच बूट. पण अंगठा दाबतोय, कडेला चावतंय. आठ नंबर मला कायम बसतो. सोमवारी प्रमोशनचा इंटरव्ह्यू हाय, मॅडम. लंगडत जाऊ व्हय?"

"मंगळवारपासून खोकं कुठं होतं?"

"इथंच, कपाटावर," आप्पाण्णा मध्येच बोलले. खोक्यावर इंग्रजीत ठळक अक्षरांत 'अस्सल चामडं' छापलं होतं. त्यातला एक बूट त्यांनी स्वतःच उचलला आणि तळ वर करून तिच्यापुढं धरला. "बघा की, केवढा लांब हाय! याचाच पाय सुजला असंल. सोडा त्या भरमूला."

निवेदितानं बूट घेतला. आतला नंबर खरवडलेला होता. तिनं बूट वाकवला, हुंगला, वर पाण्याचा थेंब टाकला. थेंब घरंगळून खाली गेला. खोक्याच्या कोपऱ्यात दोन गाठी मारलेला दोरा होता. तिनं तो तळाला लावून बघितला. गाठी टाचेला आणि टोकाला बरोबर आल्या.

"हा दोरा कसला?"

"विडी बांधायचा. निपाणीत कुठं बी सापडंल," आप्पाण्णा घाईनं म्हणाले.

निवेदितानं बूट टेबलावर ठेवला. तिला आता खरोखरच राग आला होता.

"हा बूट चामड्याचा नाही, रेक्झीनचा आहे. नुसता गोंदाचा वास येतोय, पाणीही मुरलं नाही. ते मला आत्ता कळलं, श्रेयांसला तर आत्तापर्यंत माहीत नव्हतं. पण आप्पा, तुम्हाला आधीपासून माहीत होतं. माझी पर्स तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत, आणि चामडं लिहिलेल्या खोक्यातला बूट बेधडक हातात घेतलात."

निवेदितानं दोरा उचलून त्यांच्यापुढं धरला.

"माप घेणारा बुटात हात घालून आतली लांबी बघतो. तुम्हाला चामड्यात हात घालायचा नव्हता. म्हणून तळाला बाहेरून दोरा धरलात, गाठी मारल्यात आणि बाजारातून तेवढाच लांब, तसाच दिसणारा जोड आणलात. याचा तळ कडेनं बाहेर आलाय, त्यामुळं आत जागा सात नंबरची. खोक्यावरच्या आठाशी नंबर जुळेना म्हणून तो खरवडलात. बरोबर?"

"पोरगं चामडं घालणार हे बघवंना झालं," आप्पाण्णा पुटपुटले. "तोंडावर बोलायचं धाडस झालं न्हाय. खरा जोड गोदामात हाय, पोत्याखाली."

श्रेयांस ताडकन उठला. "मी न विचारता मागवला, माझं चुकलं. पण मी फोनवर भरमूला चोर म्हणत हुतो, आणि तुमी शेजारी बसून ऐकत हुता, आप्पा! त्याच्या पोटावर पाय आला की!"

आप्पाण्णांनी सगळी हकिकत स्वतःच्या हातानं लिहून खाली सही केली. निवेदितानं तिथूनच कागदाचा फोटो ऑफिसला पाठवला. साडेचार वाजले होते.

आप्पाण्णा अंगणातून फाटकाकडं निघाले. सवयीनं खालीच बघत.

"भरमू, चुकलं माझं. आत ये, पाणी पी."

भरमूनं हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"मुंगी दिसली तर तुमी पाय उचलता, आप्पा. मी तर सकाळपास्नं हितंच उभा हुतो."

त्यानं गाडीला किक मारली. आप्पाण्णा फाटकाला धरून उभेच राहिले.