जांभळ्या दगडाची शवपेटी

सलोना शहर रानटी टोळ्यांनी जाळलं, तेव्हा वाचलेली माणसं समुद्रकाठच्या जुन्या राजवाड्यात येऊन राहिली. तो बांधणाऱ्या सम्राटाने ख्रिस्ताचं नाव घेणाऱ्यांना श्वापदांपुढे टाकलं होतं, जिवंत जाळलं होतं. त्याला मरूनही तीनशे वर्षं झालेली. आता त्याच्याच दालनांत त्याने मारलेल्यांच्या वंशजांच्या चुली पेटत होत्या, खांबांना शेळ्या बांधलेल्या होत्या.

उर्सुस गवंडी त्यांच्यातलाच. त्याचा एकुलता मुलगा त्या आगीत गेला होता.

पाद्री मावरोबाबांनी त्या दुपारी त्याला काम सांगितलं. राजवाड्यातच असलेल्या सम्राटाच्या घुमटाकार कबरीतली शवपेटी रिकामी करायची, हाडं समुद्रात टाकायची. याच सम्राटाने शिरच्छेद करवलेल्या एका वृद्ध बिशपांच्या अस्थी संध्याकाळी येणार होत्या. त्या तिथे ठेवायच्या. उर्सुसने पहारीबरोबर घणही घेतला. फेकण्याआधी त्याला त्या हाडांचा चुरा करायचा होता. देवावर काढता येत नव्हता, तो राग कुणावर तरी काढायचा होता.

भावजय दोम्निका दिवा धरायला आली. बाहेर लख्ख ऊन होतं. आत मात्र खिडकी नसलेला घुमट, गच्च काळोख, ओल्या दगडाचा वास. पहार लावायला उर्सुस वाकला आणि तसाच थांबला. शवपेटीतून आवाज येत होता... हळू, एकसुरी.

"समुद्र असेल," दोम्निका पुटपुटली.

"समुद्र नावं घेत नाही, वहिनी..."

नावंच होती ती. बायकांची, म्हाताऱ्यांची, पोरांची. सम्राटाने मारलेल्यांची जी नावं मावरोबाबा प्रार्थनेत वाचत, त्यांतलीच काही. एक झालं की जरा थांबून दुसरं. उर्सुसने दात आवळून पहार दाबली. झाकण सरकलं, आणि आवाज तुटला.

आत ना हाड, ना चिंधी. तळाच्या जांभळ्या दगडात फक्त दोन खळगे, शेजारीशेजारी. छिन्नीला दाद न देणारा तो दगड उंबरठ्यासारखा झिजून गुळगुळीत झाला होता.

दोम्निकाने दिवा खाली नेला. "गुडघे..." ती म्हणाली.

उर्सुसने हात लावला. खळगा कोमट होता. मुलगा गेल्यापासून कोरडे पडलेले त्याचे डोळे अचानक भरून आले. घण त्याने भिंतीशी ठेवला तो ठेवलाच.

मावरोबाबांनी येऊन आत पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. मग अस्थी समोरच्या कोनाड्यात ठेवायचं ठरलं. पण संध्याकाळी चौघांनी सहज आणलेली अस्थींची पेटी शवपेटीपाशी आली आणि अशी जड झाली, की खाली टेकवावीच लागली. पुन्हा ती काही केल्या उचलेना. ती तिथेच ठेवून त्यांनी कबरीचं एकुलतं एक दार बाहेरून लावून घेतलं.

सकाळी ते उर्सुसनेच उघडलं. अस्थींची पेटी जागच्या जागी होती, तिची मोहोर शाबूत होती. तो शवपेटीवर वाकला.

तळाशी चार खळगे होते. जुन्यांना लागून दोन नवे, लहान, खडबडीत. त्यांत दगडाची ताजी पूड.

कुणी न सांगता त्याने झाकण परत सरकवलं. शेवटची फट बुजली, तशी आत नावं पुन्हा सुरू झाली. आता आवाज दोन होते. त्यातला एक फार म्हातारा होता... आणि दुसरा अडखळला, की तो त्याला विसरलेलं नाव हळूच सांगत होता.