पूर्वेला डोकं

ख्रिस्ती देवळामागच्या कोळशाच्या खोलीची फरशी उखडताना गवंड्याची पहार हाडाला लागली. त्याने हातांनी माती बाजूला केली आणि तसाच पाळकसाहेबांकडे गेला.

दुपारपर्यंत सापळा मोकळा झाला. त्याच्या छातीवर चांदीचा काळवंडलेला प्याला होता.

देवळाचा दीडशे वर्षांचा इतिहास लिहिणाऱ्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाईच म्हणत, त्यांनी प्याला लगेच ओळखला. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षारस देण्याचा तो प्याला त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. तेव्हा बाकांना मेणाचा वास यायचा आणि उशिरा येणाऱ्याकडे अख्खी मंडळी वळून बघायची. चाळीस वर्षांपूर्वी तरुण सहायक पाळक आणि हा प्याला एकाच दिवशी नाहीसे झाले. ‘प्याला घेऊन फरार’ असं बाईंनीच इतिहासात लिहिलं होतं. परवा पुस्तक छापायला जायचं होतं. ते वाक्य काढा म्हणून सहायक पाळकाची बहीण, इस्पितळातली जुनी परिचारिका, वर्षभर त्यांच्या मागे होती.

फौजदाराने झटपट निकाल लावला. चोराला साथीदाराने मारलं, आणि तो साथीदारही बाहेरचाच. आवारातल्या झाडून सगळ्या कबरींत डोकं पश्चिमेला, याचं तेवढं पूर्वेला; म्हणजे पुरणाऱ्याला इथली रीत ठाऊक नव्हती.

“मग साथीदारानं चांदी सोडली कशी?” बाईंनी विचारलं.

“घाईत राहिली असेल.”

बाई खड्ड्यात डोकावल्या. छातीइतका खोल, कोपरे काटकोनात, कडा सरळ. घाईचं नाव नव्हतं.

त्यांनी पाळकसाहेबांकडून दफनाची जुनी नोंदवही मागून घेतली. सहायक पाळक नाहीसे झाले त्या आठवड्यात दोन नावं होती, एक म्हातारा शिंपी आणि एक तान्हं मूल. बाईंना तिसरंही मरण आठवत होतं. त्यांच्याच वर्गातली सोळा वर्षांची पोर विहिरीत सापडली होती. तिचं नाव कुठेच नव्हतं.

बाई फौजदाराला आणि बहिणीला घेऊन आवाराच्या टोकाच्या खोलीत गेल्या. तिथे ऐंशीचा म्हातारा खाटेवर बसला होता. जन्मभर कबरी खणलेल्या या माणसाला सगळे दादा म्हणत.

“दादा, लेकीला कुठे पुरलंत?”

“भिंतीपलीकडे.”

“आत का नाही?”

“जीव दिलेल्याला आत जागा नाही म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

“मोठे पाळक तेव्हा गावी गेले होते,” बाई फौजदाराला म्हणाल्या. “नाही म्हणणारा सहायकच. आता दिशेचं ऐका. आपलं डोकं पश्चिमेला ठेवतात, शेवटच्या दिवशी उठताना तोंड पूर्वेला असावं म्हणून. पाळकाचं उलट. त्यानं उठून आपल्या मंडळीकडे बघायचं असतं. बाहेरच्याला हे कुठून कळणार? मंडळीतल्या दोघाचौघांना ठाऊक असेल, पण असा खड्डा खणणारा हात इथे एकच होता. आणि त्याच हाताची लेक नोंदवहीत नव्हती.”

म्हाताऱ्याने नाकारलं नाही. पाया पडलो, तो म्हणाला. त्यांनी नियमाचं पुस्तक दाखवलं. फावडं हातातच होतं.

“आणि प्याला?” बहिणीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“पाळकाबरोबर प्याला ठेवावा, असं आमचे वडील सांगायचे. म्हणून ठेवला. त्यावरून लोक त्यांना चोर म्हणतील, हे डोक्यातच आलं नाही.”

“मागाहून तर कळलं ना?”

“कळलं.”

“चोराची आई म्हणून माझ्या आईशी कुणी बोलत नव्हतं. ती तशीच गेली. तुम्ही तिचीही कबर खणलीत.”

“नीट खणली होती, ताई,” म्हातारा म्हणाला.

फौजदार त्याला घेऊन गेला. बाईंनी पिशवीतून छपाईची प्रत काढली, ते वाक्य खोडलं आणि वर ‘मृत्यू’ असं लिहायला घेतलं.

बहिणीने त्यांचा हात धरला. “खून लिहा, बाई.” मग ती म्हणाली, “आणि तो कशावरून झाला, तेही लिहा. मुलीच्या नावासकट.”