म्हातारीचा आवाज

खुर्ची उलटी डोक्यावर घेऊन तो दुकानात शिरला, तेव्हा तिच्या कानात युद्ध चाललं होतं. शत्रूची यानं चंद्राआडून बाहेर पडत होती आणि कप्तान आपलं जुनं यान थेट सूर्याकडे वळवत होता. त्या यानाला सगळे लाडानं 'म्हातारी' म्हणत.

आत्यानं तिच्या खांद्यावर टिचकी मारली. "पृथ्वीवर ये गं. गिऱ्हाईक आलंय."

तिनं कानातले हेडफोन काढले, केसांतला भुसा झटकला. आत्या-भाचीचं ते खुर्च्या दुरुस्तीचं दुकान.

"ही करकरते," तो म्हणाला. हळू, एकेक शब्द तोलून. "हिनं जराही आवाज करता कामा नये."

"घरात तान्हं बाळ आहे का?"

"नाही... हिच्यात बसून काम करतो मी. सोमवारपर्यंत ही गप्प झाली नाही, तर शेवटचा टप्पा दुसऱ्याला देणार आहेत."

"मग नवी घ्यायची."

"नवीत बसून पाहिलं. बोलायला लागलो, तर कुणी परकाच बोलतोय असं वाटलं."

हे तिला आवडलं. खुर्ची आडवी करून ती सांधे चाचपू लागली. बाकावरच्या हेडफोनमधून अजून बारीक किणकिण येत होती.

"काय ऐकता?" त्यानं विचारलं.

"अवकाशातली एक मोठी गोष्ट आहे. सगळे भाग झाले, शेवटचा यायचाय. मी दीडपट वेगानं ऐकते. हाताबरोबर कान पळायला हवेत ना."

"दीडपट?" त्याचा चेहरा पडला. "आणि... वाचणारा बरा आहे?"

"चांगला आहे. चौथ्या भागात राणीला सर्दी झाल्यासारखी वाटते, तेवढं सोडलं तर. पण एक गोष्ट त्यानं फार सुरेख केलीय. कप्तान एकटा असला, की मागून म्हातारी कण्हते. अगदी हळूच. धातूचं यान लाकडासारखं का कण्हावं, कोण जाणे... पण ते ऐकलं की वाटतं, चला, त्याला कुणीतरी आहे."

त्याचे कान लाल झाले. "ते मुद्दाम केलेलं नसेलही."

"असं कसं? इतकं बरोबर जागेवर?"

तो काहीतरी बोलणार होता... पण "येतो" म्हणून निघून गेला.

"लाजाळू दिसतोय खुर्चीवाला," आत्या म्हणाली. "आणि तू लागलीस टकळी चालवायला."

दुपारी ती पारखण्यासाठी त्या खुर्चीत बसली आणि मागे रेलली.

करर्र...

ती पुन्हा रेलली. मग तिनं फोन उचलला, वेग साधा केला आणि कप्तानाला बोलायला लावलं. हळू, एकेक शब्द तोलून.

"काय गं, भूत पाहिलंस?"

"आत्या, मी त्याच्या तोंडावर त्याला सर्दी झालेली राणी म्हटलं."

"झाली असेल सर्दी. माणूसच आहे."

सांधा भरणं सोपं होतं. चिकटवायला सरस, वरून दाब, एक रात्र. या दुकानातून गेलेली खुर्ची कधी परत आली नव्हती. त्याचा तिला अभिमान होता. पण खुर्ची गप्प झाली की म्हातारी मेली. आणि नाही झाली, तर कप्तानच दुसरा येणार... ती बराच वेळ हातात पटाशी धरून बसली. मग तिनं सगळे सांधे पक्के केले, पाठीचा एक मात्र सरसाशिवाय ठेवला, आणि त्याच्या मापाची एक छोटी पाचर तासली.

तो आला तेव्हा तिनं पाचर सांध्यात ठोकली. "बसा. रेला."

आवाज नाही. त्यानं पुन्हा रेलून पाहिलं.

"आता हे." तिनं पाचर उपसली. खुर्ची कण्हली.

"तुम्हाला कळलं," तो म्हणाला.

"उशिरा कळलं. दीडपट वेगाचा दोष."

"मला त्या करकरीची लाज वाटायची हो. प्रत्येक भागाला वाटायचं, आता कुणीतरी हसेल."

"आता वाटून घ्यायची नाही. माझ्या हातून गेलेली खुर्ची आहे ती. कुणी विचारलं तर मान वर करून सांगायचं, मुद्दाम आहे."

आणि त्यानं खरंच सांगितलं. कामाच्या ठिकाणी दोन्ही ऐकवलं, पाचरीसकट आणि पाचरीविना. शेवटचा भाग त्याच्याकडेच राहिला.

तो भाग तिघांनी दुकानातच ऐकला, साध्या वेगानं. तो स्टुलावर बसला होता, नजर जमिनीकडे. युद्ध संपलं. सगळे घरी परतले. कप्तान एकटा उरला, त्यानं दिवे मालवले... आणि म्हातारी हळूच कण्हली.

"अगंबाई," आत्या म्हणाली, "ही तर आपली खुर्ची."

"आपलीच," ती म्हणाली. तिची मान ताठ होती.

शेवटी नावं आली. लेखकाचं. वाचणाऱ्याचं. मग क्षणभर थांबून तोच आवाज म्हणाला, "म्हातारीचा आवाज..." आणि पुढे तिचं नाव. पूर्ण, एकेक अक्षर तोलून.

आत्या उगाचच सरसाचा डबा घेऊन आत गेली.

"पाचर कुठाय?" तिनं विचारलं.

"खिशात. परत लावावीशी वाटत नाही." तो थांबला. "नवी मालिका आलीय वाचायला. फार लांबलचक आहे... आधी तुम्हाला वाचून दाखवली असती. रोज थोडी. चालेल?"

"चालेल की."

"दीडपट वेगानं?"

"नाही," ती म्हणाली. "मला घाई नाही."