पोच न आलेला होकार

“तार तुटणार, निरोप हरवणार, हे आधीच धरून चाल. बाकीची सगळी विद्या त्याच्यावर उभी आहे.”

यी-फानचा तो शांत आवाज पेइ-रोंगच्या कानात अजून तसाच होता.

गणित शिकून ती शिंचूच्या विद्यापीठात संगणकशास्त्राच्या एम.एस.साठी आली होती. संगणकांच्या नेटवर्कचा तिला गंधही नव्हता. आणि पायाभूत परीक्षा पास झाल्याशिवाय एम.एस.चे वर्ग मिळणार नव्हते. पहिल्याच दिवशी नेटवर्कचं पुस्तक छातीशी धरून ती चुकून यंत्रांच्या थंडगार खोलीत शिरली, तर एक उंच मुलगा — तोच यी-फान — सर्व्हरवर खाऊचं हिरवं पाकीट ठेवत होता. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथे सगळेच ठेवतात.

“याची मुदत संपलीय...” ती हळूच म्हणाली.

“मग?”

“शिळा नैवेद्य दाखवायचा, आणि वर देवाने पावावं म्हणायचं?”

तो कानापर्यंत लाल झाला. “मग ताजा तुम्ही आणा. मी तुम्हाला हे पुस्तक शिकवतो — चालेल?”

चाललं.

सकाळी शाकाहारच घ्यायचा, हे तिचं व्रत. त्याने आणलेली अंड्याची पोळी तिने हळूच बाजूला सारली.

“गुरुजी, शिष्येचं व्रत मोडायला निघालात?”

दुसऱ्या दिवसापासून तो गरम सोयादूध आणू लागला. स्वतःही सकाळी तेवढंच घेऊ लागला. का, ते त्याने सांगितलं नाही. तिने विचारलं नाही... पेला मात्र ती दोन्ही हातांनी घ्यायची.

ती परीक्षा पास झाली, आणि त्याच सुमारास वडिलांच्या आजारपणामुळे त्याला मात्सू बेटांवर, घरी परतावं लागलं. स्टेशनवर तो म्हणाला, “मात्सूमातेच्या, आमच्या समुद्रदेवीच्या, जन्मदिवसाला येशील? घरी आईसमोर... माझी म्हणून?”

“विचार करू दे.”

“कर. नाही आलीस, तर पुन्हा विचारणार नाही. तुझ्या मनावर ओझं नको.”

रोज उदबत्ती लावताना ती देवीपुढे मन उघडत राहिली. एका सकाळी ते लख्ख झालं. तिने लिहिलं, ‘येते. वचन देते.’

नेमकी तेव्हाच समुद्राखालून बेटांकडे जाणारी तार तुटली. निरोप वाचल्याची खूण काही उमटली नाही. फोन लागेना. धुक्यामुळे विमानंही थांबली. जन्मदिवस तर उद्यावर आला.

“पोच येऊ दे, मग जा,” खोलीतली मैत्रीण मेइ-ची म्हणाली. “उगाच त्यांच्या दारात वेड्यासारखी उभी राहशील.”

“पोच आली, तरी ती मला मिळाली हे त्याला कसं कळणार? मग मी पोचेची पोच पाठवायची, त्याने तिचीही... याला अंत नाही गं. कुणीतरी एकाने निघायलाच लागतं.”

“आणि त्याने आशाच सोडली असेल तर?”

पेइ-रोंगचे डोळे भरून आले. “तर त्याच्या आईला नमस्कार करून परत येईन. पण वचन दिलंय मी.”

“अगं, त्याच्यापर्यंत पोचलंय कुठे ते?”

“मी दिलंय ना...”

तिने पिशवी खांद्याला लावली, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि कीलुंगच्या बंदरातून बेटांकडे जाणारी रात्रीची बोट गाठायला ती स्टेशनच्या वाटेला लागली.