दुधावरची जाळी

खून कोणी केला, हा प्रश्न महाराष्ट्रात आता कोणालाच पडत नसे. संशयिताला खुर्चीत बसवायचं, डोक्यावर टोपी चढवायची, पडद्यावर चित्रं दाखवायची, की खटला खलास. या टोपीने चोर-दरोडेखोरांचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्यांचं केलं. बिचारे एकेक करून पाककृतींच्या पुस्तकांकडे वळले.

केतकी कारखानीस तेवढ्या वळल्या नाहीत. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी ‘साय’ नावाची कादंबरी लिहिली, आणि ती अशी काही खपली की त्यांच्यावर हसणारे प्रकाशक आता त्यांच्या दारात चपला काढून बसू लागले. त्यात खून होतो, खुनी निघतो, आणि निघता निघता त्याचं लक्ष गॅसकडे जातं. दूध वर आलेलं असतं. तो गॅस बंद करतो, पातेल्यावर जाळी ठेवतो आणि मग जातो. बस्स, एवढंच. पण वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. जाहिरातीसाठी प्रकाशकाने प्रत्येक प्रतीबरोबर स्टीलची एक जाळी फुकट ठेवली. त्यामुळे ज्यांनी जन्मात पुस्तक उघडलं नव्हतं त्यांच्या ओट्यावरही ‘साय’ची जाळी आली.

त्या दिवशी सांगलीच्या नाट्यगृहात केतकीताई जाळीचं प्रकरण वाचून दाखवत होत्या. सभागृह चिडीचूप होतं. वाचून झाल्यावर नेहमीचा प्रश्न आलाच. ताई, हे सुचलं कसं?

“अहो, सुचायचं काय त्यात!” ताईंनी पदर सावरला. “एक दिवस दूध तापत होतं, मी खुनाचा विचार करत होते. आमच्या ह्यांनी हाक मारली. मी गॅस बंद केला, जाळी ठेवली, आणि मनात म्हटलं, केतकी, तू आत्ता एखाद्याला मारून निघाली असतीस तरी हेच केलं असतंस!”

सभागृह हसलं. हा किस्सा त्यांनी गावोगाव सांगितला होता, पण दर वेळी तो नव्याने रंगायचा.

“आणि शेवटचं वाक्य?” मागून कोणी ओरडलं.

“ते नाही वाचणार. पुस्तक विकत घ्या.”

चहाच्या वेळी रंगपटात एक गृहस्थ आले. डॉ. तन्वीर मुजावर, मिरजेच्या ओळख-प्रयोगशाळेचे प्रमुख. कादंबरी लिहिताना ताईंनी त्यांच्याकडून टोपीचं शास्त्र समजून घेतलं होतं, ऋणनिर्देशात त्यांचं नावही होतं. ताईंना वाटलं, अभिनंदन करायला आलेत. पण डॉक्टरांचा चेहरा पार उतरला होता.

“ताई, ही जाळी तुम्हाला कुठे मिळाली?”

“आत्ताच तर सांगितलं. घरात.”

“मघाचं लोकांसाठी होतं. मला खरं सांगा.”

“डॉक्टर, तुम्ही मला खोटारडी म्हणताय?”

“नाही हो. आधी ऐकून तर घ्या.” डॉक्टरांनी दार लोटलं. “मी तुम्हाला ‘मूठ’ सांगितली होती, आठवतंय?”

आठवत होतं. वाचकांनाही सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या मुठीपाशीच आहे. ओळखीची वस्तू दिसली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत विजेची एक बारीक लहर उठते. हीच ‘ओळखलहर’. तोंड खोटं बोलेल, डोळे खोटं बोलतील, लहर दाबता येत नाही. पण खुनाची बातमी पेपरात आली की सुरी कसली आणि साडी कोणती हे गावभर कळतं, मग लहर सगळ्यांचीच उठणार. म्हणून पोलीस प्रत्येक खुनातली एक गोष्ट बाहेर जाऊ देत नसत. ती ठाऊक असायची फक्त तपास अधिकाऱ्याला, प्रयोगशाळेला आणि खुन्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिचं नाव पडलं ‘मूठ’.

“मिरजेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या,” डॉक्टर म्हणाले. “एकट्या राहायच्या. दोन वर्षांपूर्वी सकाळी त्यांचा गळा आवळला कोणीतरी. तिथली मूठ होती, गॅसवर गरम दूध आणि त्यावर जाळी.”

ताईंच्या हातातला बटाटेवडा तसाच राहिला.

“सोमवारी संशयिताची चाचणी आहे. दोन वर्षं जामिनावर राहून कोर्टात तारखा मागत होता. आम्हाला वाटलं, घाबरलाय. तुमच्या पुस्तकातली जाळी मला योगायोग वाटली होती. काल त्याच्या वकिलाचा अर्ज आला. म्हणे, आमच्या अशिलाने ‘साय’ वाचली आहे, त्याची लहर पुस्तकामुळे उठेल. अहो, तो घाबरला नव्हता. तुमच्या पुस्तकाची वाट बघत होता!”

केतकीताई मटकन खुर्चीत बसल्या. त्या गर्विष्ठ होत्या, पण अप्रामाणिक नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले, आणि किस्स्यातलं ते स्वयंपाकघर बाजूला सारून मागे मागे जाऊ लागल्या.

“वाचनकट्टा,” त्या हळूच म्हणाल्या. “पावणेदोन वर्षांपूर्वी मिरजेला माझी मुलाखत होती. नंतर एकाच्या घरी चहाला नेलं. फार अदबशीर माणूस. स्वतः चहा करून आणला. म्हणाला, ताई, तुमच्या पुढच्या खुन्याला एखादी घरगुती सवय द्या. दुधावर जाळी ठेवण्यासारखी. मी हो हो म्हटलं. माझं अर्धं लक्ष गाडीकडे होतं. गोंधळेकर. हर्षद गोंधळेकर.”

डॉक्टर बघतच राहिले. त्यांनी कोणाचंही नाव घेतलं नव्हतं.

“त्या बाई त्याच्या सख्ख्या मावशी होत्या,” ते म्हणाले. “पेपरात सगळं आलं, जाळी तेवढी आली नाही. हुशार माणसाला तेवढ्यावरून मूठ कळली.”

“मग झालं की!” ताई ताडकन उठल्या. त्यांचा आवाज पुन्हा सभागृहातला झाला. “पुस्तक यायच्या आधी जाळी त्याला माहीत होती, ती त्यानेच मला सांगितली. मी कोर्टात उभी राहते. माझी लाज जाईल, जाऊ दे. बाईचा जीव गेलाय तिथे.”

पण नुसती तोंडी साक्ष कोर्टाने केव्हाच बंद केली होती. साक्षीदारालाही टोपी घालावी लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीताई मिरजेच्या प्रयोगशाळेत टोपी घालून बसल्या. आतला ओलसर लेप डोक्याला गार लागत होता. पडद्यावर खोल्यांची चित्रं येऊ लागली. मधूनमधून लिहून येई, ‘जाळीची कल्पना इथे मिळाली.’ अनोळखी बैठका आल्या, अनोळखी ओटे आले. हर्षदची बैठक आली, भिंतीवर त्याच्या मावशीचा तंबोरा होता. मग ताईंचं स्वतःचं स्वयंपाकघर आलं, तोच ओटा, तोच गॅस.

टोपी काढल्यावर त्यांनी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते समजल्या.

“हर्षदच्या बैठकीला लहर जेमतेम आहे,” डॉक्टर म्हणाले. “पाहिलेली जागा, एवढंच. तुमच्या ओट्याला मात्र कागदाबाहेर गेली.”

“पण ओट्याचं खोटं आहे! मी रचलंय ते! पहिल्यांदा पुण्याच्या मुलाखतीत सांगितलं, लोक हसले, म्हणून पुढे सांगत गेले.”

“किती वेळा सांगितलंत?”

ताई बोटांवर मोजू लागल्या, मग त्यांनी नाद सोडला.

“ताई, तुम्ही घरी विरजण लावता ना? आजच्या दुधाला कालचं दही. उद्याच्या दुधाला आजचं. पहिलं दही कोणाचं होतं, कोण सांगणार? आठवणीचं तसंच असतं. दर वेळी आठवलं की मेंदू ती नव्याने लावतो. तुम्ही दर वेळी ओट्याचं विरजण लावलंत. आता तीच तुमची आठवण.”

“म्हणजे तुमची लहर खोटं बोलते.”

“लहर खोटं बोलत नाही. ती फक्त म्हणते, हे माझ्या ओळखीचं आहे. ओळख कशी झाली, ते तिला विचारून उपयोग नाही.”

“आणि तुमचा माझ्यावर विश्वास आहे का?”

“मी न सांगता तुम्ही नाव घेतलंत. माझा आहे. कोर्टाचा बसणार नाही.”

दुसरी कोणी असती तर दौरा रद्द करून घरी जाऊन पडली असती. केतकीताईंनी गाडीत बसल्या बसल्या ठरवलं की कोर्ट ऐकत नसेल तर लोकांना सांगायचं. संध्याकाळी कोल्हापूरला कार्यक्रम होता. लोकांनी आपल्याला डोक्यावर घेतलंय, आपलं ऐकतील, याची त्यांना खात्री होती. आजवर त्यांचं लोकांनी ऐकलं नाही असं झालंच नव्हतं.

कोल्हापूरचं सभागृह खच्चून भरलं होतं. निम्म्या लोकांच्या हातात पुस्तक, निम्म्यांच्या हातात जाळ्या. डॉ. मुजावर मुद्दाम आले होते, सह्यांच्या टेबलापाशी उभे होते. आणि तिसऱ्या रांगेत पांढऱ्या शर्टात, मांडीवर पुस्तक ठेवून, हर्षद गोंधळेकर बसला होता. ताईंना वाटलं होतं, त्याला पाहून आपल्याला भीती वाटेल. प्रत्यक्षात संताप आला.

प्रश्नोत्तरांत पहिला हात त्याचाच वर गेला.

“ताई, ती ओट्याची गोष्ट सांगा ना. तुमच्या तोंडून ऐकायची फार इच्छा आहे.”

‘सांग, सांगच. आणखी एकदा विरजण लाव.’ ताईंना त्याच्या मनातलं स्वच्छ ऐकू आलं. त्या पुढे आल्या.

“ती गोष्ट खोटी आहे,” त्या ठणकावून म्हणाल्या. “जाळी मला सुचलेली नाही. मला ती या गृहस्थांनी सांगितली. हर्षद गोंधळेकर, उभे राहा. दोन वर्षांपूर्वी यांच्या मावशीचा खून झाला. तिथे गॅसवर दूध होतं आणि दुधावर जाळी होती. ही गोष्ट खुन्याशिवाय कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं. यांना होती. मी चोर आहे, मी यांची कल्पना चोरली. आणि हे खुनी आहेत.”

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या.

मग बाल्कनीतून कोणीतरी शिट्टी मारली. “नाद खुळा, ताई!”

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक खुर्च्यांवर चढले. फोन वर झाले. “लई भारी! खुनी हितंच बसलाय की!” शेजारच्या बाईने हर्षदच्या दंडाला हात लावून पाहिला आणि खिदळत हात मागे घेतला. प्रकाशक पडद्याआडून दोन्ही अंगठे दाखवत होता. असली जाहिरात त्याला आयुष्यात सुचली नसती.

“अहो, मी खरं सांगतेय!” ताई ओरडल्या. “शपथ घेऊन सांगते!” टाळ्या आणखी वाढल्या. किती छान वठवतायत बाई, असं पुढच्या रांगेतले आजोबा बायकोला म्हणाले.

हर्षद उभा राहिला, चारी बाजूंना वळून त्याने नमस्कार केला. त्यालाही टाळ्या मिळाल्या.

सह्यांच्या रांगेत तो शांतपणे उभा राहिला. नंबर आल्यावर त्याने प्रत पुढे केली. ताईंनी पेन खाली ठेवलं.

“का मारलंस तिला?”

तो किंचित वाकला. आवाज अगदी आर्जवी होता.

“झाकणाखाली वाफ कोंडते, ताई. जाळीखाली साय धरते.”

“डॉक्टर!” ताईंनी मुजावरांचा हात धरला. “ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार आहात! कबूल केलं याने! स्वयंपाकघरातलं बोलला, मावशीकडे शिकला असणार हे!”

डॉक्टरांनी ऐकलं होतं. त्यांनी टेबलावरची एक प्रत उचलली, शेवटचं पान उघडून ताईंसमोर धरलं. कादंबरीतला खुनी पकडला जातो, बाई फौजदार त्याला खुनाचं कारण विचारते, तो जाळीचं सांगतो, आणि तिथेच पुस्तक संपतं. एक ‘ताई’ सोडली तर अक्षर न अक्षर तेच. संतापाच्या भरात ताईंना आपलंच वाक्य ओळखू आलं नव्हतं.

“रांगेतला कोणीही हे वाक्य म्हणेल, ताई,” डॉक्टर म्हणाले. “पाठ झालंय लोकांना.”

ताई त्या ओळीकडे बघत राहिल्या. हे वाक्य आपल्याला एका पहाटे सुचलं, इतकं सुंदर सुचलं की आपण उठून नवऱ्याला वाचून दाखवलं, असं त्या सगळ्या मुलाखतींत सांगत. ती पहाट आता त्यांना लख्ख दिसत होती. खिडकी दिसत होती, नवऱ्याचा झोपाळू चेहरा दिसत होता. आणि चहाचा कप पुढे करत हेच वाक्य बोलणारा हर्षदही दिसत होता, तेवढाच लख्ख. यातलं झालेलं कोणतं आणि लावलेलं कोणतं, त्यांना सांगता येईना.

“ताई, सही,” हर्षद म्हणाला. “मागे रांग आहे.”